शेवटी आई येते

जपानी कशी काय शिकलात, असं कुणी विचारलं की मी "आवड होती" म्हणून मोकळी होते. खरं सांगायला बसलं तर एमआयडीसीतल्या एका मशीनपासून सुरुवात करावी लागते आणि विचारणाऱ्याला तेवढा वेळ नसतो. हल्ली जपानी कार्टून बघून आणि तिकडच्या चित्रकथा वाचून ती भाषा शिकायला निघालेली मुलं घरोघर आहेत. त्यांचे आईवडील माझ्याकडे येतात, पोरगं या चित्रांपायी वाया चाललंय म्हणून गाऱ्हाणं घालतात. मी त्यांना चहा देते. चित्रांपायी माणसाचं काय काय होतं याबद्दल मला बरंच सांगता येईल, पण ते चहाबरोबर सांगण्यासारखं नाही.

आम्ही डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. मी चौथीत होते, त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला आई अकोल्याला माहेरी गेली. धाकट्या भावाला बरोबर घेऊन गेली, मला ठेवून गेली. "तुझी परीक्षा आहे ना," एवढंच म्हणाली. परीक्षा झाली, निकाल लागला, पाचवीची पुस्तकं आली, त्यांना कव्हरं घालून झाली, तरी आई आली नाही.

भांडण झालं असतं तर निदान काही कळलं असतं. पण आमच्याकडे भांडणंसुद्धा मूग गिळून व्हायची. आई आणि बाबा आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलायचे नाहीत आणि निरोप माझ्यामार्फत चालायचे. दहा बाय दहाच्या खोलीत दोघंही हाताच्या अंतरावर असायचे, तरी आई मला सांगायची, "बाबांना सांग, पीठ संपलंय." मी मान वळवून बाबांना सांगायचे, पीठ संपलंय. बाबा म्हणायचे, "आईला सांग, येताना आणतो." मी मान परत वळवायचे. मला ते काम आवडायचं, कारण त्या वेळात दोघांचंही माझ्याकडे लक्ष असायचं.

आई गेली त्या दिवशी बाबा पहिल्या पाळीहून आले. बूट काढता काढता त्यांनी विचारलं, "काही म्हणाली?"

मी म्हटलं, "नाही."

जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं, "जाताना काहीच म्हणाली नाही?" मी पुन्हा नाही म्हटलं. आईने खरंच माझ्याजवळ काही निरोप ठेवला नव्हता. आणि मी प्रामाणिक मुलगी होते, म्हणजे शाळेत तरी तसं म्हणायचे.

त्यानंतर माझ्या गळ्यात किल्ली आली. सुतळीला बांधलेली, फ्रॉकच्या आत सोडलेली. सकाळची शाळा सुटली की मी कुलूप उघडायचे, बाबांनी पहाटे करून ठेवलेला भात आणि वरण खायचे आणि मग संध्याकाळपर्यंत बसून राहायचे. समोरच्या काकूंचं दार उघडं असे. त्या चांगल्या होत्या, पण त्यांच्या चांगुलपणात विचारपूस फार. "काय गं, आईचं पत्र आलं का?" असं त्या रोज विचारायच्या, आणि मी "नाही" म्हटलं की "च्च" करायच्या. त्या "च्च"च्या भीतीने मी दार लोटून घ्यायला लागले. बंद दाराच्या आत उन्हाळ्याची दुपार किती लांब असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी फरशीवरचे ठिपके मोजले आहेत. भिंतीवरच्या पालीला मी भावाचं नाव ठेवलं होतं.

मेच्या सुट्टीत मला अकोल्याला बोलावणार होते. त्याऐवजी पोस्टकार्ड आलं. भावाला कांजिण्या झाल्यात, सध्या पाठवू नये. "सध्या" हा शब्द मी बरेच दिवस पाठ करत होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांच्या कारखान्यात जपानहून एक मोठं मशीन आलं आणि ते बसवायला एक जपानी इंजिनियर आला. तीन आठवडे होता. बाबा त्याच्या हाताखाली. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती आणि इंग्रजी दोघांचीही बेताचीच, पण बाबा सांगायचे की पाना कितीचा हवा ते त्याने बोलायच्या आधी यांना कळायचं. न बोलता निभावण्याचा बाबांचा सराव दांडगा होता, हे मी आता म्हणते.

जायच्या आधीच्या रविवारी बाबांनी त्याला घरी जेवायला आणलं. अंड्याचा रस्सा, भात आणि काकूंनी वाटीभर पाठवलेली खीर. तो दारातच बूट काढून आत आला. आमच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्यासमोर त्याने हात जोडले आणि बाबांचा चेहरा असा उजळला की मूर्ती बाबांनीच घडवली असावी. मग त्याने खिशातून एक फोटो काढून मला दाखवला. माझ्याएवढी मुलगी, कपाळावर सरळ कापलेले केस. त्याने माझ्याकडे बोट केलं, स्वयंपाकाच्या खोलीकडे बघितलं आणि प्रश्नार्थक मान हलवली. बाबा म्हणाले, "व्हिलेज. व्हिलेज." अकोला काही खेडं नव्हतं, पण मी गप्प बसले.

जेवण झाल्यावर बाबांनी मला कोपऱ्यावर सोडा आणायला पाठवलं. मी दोन बाटल्या घेऊन परत आले तेव्हा दोघं मांडीला मांडी लावून जमिनीवर बसलेले होते आणि मध्ये एक जाडजूड पुस्तक. मला बघून दोघंही सरळ झाले.

ते पुस्तक त्याने आमच्यासाठी आणलं होतं. टेलिफोनच्या डिरेक्टरीएवढं जाड, कागद मात्र रद्दीचा, काही पानं गुलाबी झाक असलेली, काही हिरवट. आत सगळी चित्रंच चित्रं. चौकटीत चित्र, चित्रात फुगे, फुग्यांत उभी उभी उतरत जाणारी अक्षरं. बाबांनी ते लगेच माझ्या हातात दिलं नाही. दोन दिवस त्यांनी स्वतःकडे ठेवलं, आणि दिलं तेव्हा मधली बरीच पानं ब्लेडने कापून काढलेली होती. ती का कापली ते मला वयात आल्यावर कळलं. पुस्तक मोठ्या माणसांचं होतं आणि बाबांनी ते एकेक पान बघून चाळून घेतलं होतं.

त्यांनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं ते पालथं. मी सरळ केलं. बाबा काहीतरी म्हणणार होते, पण मी तोवर पहिलं पान उघडून वाचायलाही बसले होते. वाचायला म्हणजे बघायला.

पहिलीच गोष्ट माझी झाली. बाकीच्या गोष्टींत कुणी गुद्दागुद्दी करत होतं, कुणी क्रिकेटसारखं पण क्रिकेट नसलेलं काहीतरी खेळत होतं. ही गोष्ट शांत होती. समुद्रकाठी एक घर. घरात एक मोठी बाई टेबलाशी एकटी जेवतेय. ओट्यावर एकच वाडगं. मग पुढे एक लहान मुलगी येते, तीही एकटी. ती त्याच टेबलाशी बसते, त्याच खिडकीतून बघते. मग ती स्टेशनाच्या कुंपणाला धरून उभी आहे. गाडी आहे. गाडीच्या दारात एक बाई, हातात पेटी. मग ती बाई आणि मुलगी हात धरून समुद्राच्या कडेने चालतायत. मग घर. आणि शेवटच्या पानावर दोघी समोरासमोर बसून जेवतायत, वाफ निघतेय आणि मुलगी तोंड भरून हसतेय.

सुरुवातीच्या मोठ्या बाईचं काय करायचं ते मला आधी कळेना. ती मुलीसारखी दिसायची, नाक तेच, कपाळावरचे केस तसेच कापलेले. मग मी ठरवलं की ती मुलीची मावशी. आई येईपर्यंत घर सांभाळायला आलेली. आई यायची वेळ झाली तशी गेली. गोष्ट नीट बसली. काही पानांवर मुलगी आधी रडायची आणि तिचा पेला नंतर फुटायचा, पण परक्या देशात असंही असेल, म्हणून मी ते सोडून दिलं.

बाबा संध्याकाळी आले तेव्हा मी दारातच त्यांना सांगितलं, "बाबा, शेवटी आई येते!"

बाबांनी डबा खाली ठेवला. "कुठे?" ते म्हणाले.

"पुस्तकात. गाडीने येते. हे बघा."

त्यांनी बघितलं. मी एकेक पान उलटत होते आणि ते माझ्या बोटाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "हो की. येते."

त्या रात्री मी आई गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले. चित्रांनी आयुष्य बदलतं का, असं मला विचाराल तर एवढंच सांगेन, माझी झोप परत आली.

मग मला फुग्यांचा छंद लागला. आत काय लिहिलंय ते कळत नाही, तर आपणच लिहावं. वहीचा कागद पट्टीपट्टीने कापायचा, त्यावर मराठीत लिहायचं आणि भाताची शितं चेपून फुग्यावर चिकटवायचं. त्या वेळी आमच्याकडे पाकिटंसुद्धा शितांनीच बंद व्हायची. मावशीच्या फुग्यात मी लिहिलं, "आज पण भात करपला." मुलीच्या फुग्यात, "पाणी येऊन गेलं का?" समुद्रकाठच्या त्या घरात डोंबिवलीचं पाणी येत-जात होतं. दुपारी ही बाई आणि ही मुलगी माझ्याशी बोलायच्या. म्हणजे मीच बोलायचे, पण लिहून चिकटवलेलं वाचलं की दुसऱ्याने म्हटल्यासारखं वाटतं. आज मी लिहिण्यावर पोट भरते, भाषांतरं करते. त्याची शिकवणी तीच.

गाडीच्या दारातल्या आईचा फुगा मात्र मला जमेना. चार पट्ट्या लिहून फाडल्या. एका रविवारी मी बाबांना म्हटलं, "आईचं तुम्ही लिहा."

"मी काय लिहू?"

"गाडीतून उतरताना काय म्हणेल ते."

बाबांनी पेन्सिल घेतली आणि बसून राहिले. कांदा चिरून झाला, आमटीला फोडणी बसली, तरी बसलेले. मला वाटलं, फिटर माणूस, लिहायची सवय नाही. शेवटी त्यांनी पट्टीवर दोनच शब्द लिहिले, "उशीर झाला." चिकटवलीही त्यांनीच. शितं नीट चेपून, कडा अंगठ्याने दाबून, गॅस्केट बसवावं तशी.

चिकटवून झाल्यावर ते त्या पानाकडे इतका वेळ बघत राहिले की मीच पान उलटलं.

आता माझी चूक सांगते. मी स्टेशनवर जायला लागले. पुस्तकातली मुलगी कुंपणाला धरून उभी राहते आणि आई येते. माझ्याकडून फक्त उभं राहायचं बाकी होतं. दर रविवारी सकाळी अकोल्याकडची गाडी कल्याणला थांबते, तिथून आई डोंबिवलीला येईल, असा माझा हिशेब. मी पुलाच्या पायथ्याशी लोखंडी गजांना धरून उभी राहायचे, पुस्तकातल्या मुलीसारखेच दोन्ही हात वर करून. तिसऱ्या रविवारी भाजीला आलेल्या काकूंनी मला बघितलं आणि अर्थातच घरी जाऊन सांगितलं.

बाबा आले. मला वाटलं आता बसतो एक धपाटा. ते म्हणाले, "किती वाजता येते गाडी?"

मी सांगितलं. ते शेजारच्या बाकावर बसले. पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबरच निघाले, इस्त्रीचा शर्ट घालून, वर्तमानपत्र घेऊन. मी गजांपाशी उभी, ते बाकावर. लोक उतरायचे, पांगायचे. मग आम्ही उसाचा रस पिऊन घरी यायचो. पुढचे रविवार, ते वर्ष, पुढचं वर्ष. बाबांची दुसरी पाळी असो, ताप असो, रविवार चुकला नाही. आम्ही त्याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. दोघं शेजारी शेजारी असून मी एकटीच उभी आहे असं मला सारखं वाटायचं, आणि बाकावरच्या माणसाला काय वाटत असेल हे मनातही यायचं नाही. मुलं आपमतलबी असतात. मी जरा जास्त होते.

आईची पोस्टकार्डं यायची, वर्षाला दोन-तीन. तिला तिकडे बालवाडीत काम मिळालं होतं. भाऊ शाळेत जायला लागला. "शहाण्यासारखी राहा" हे शेवटचं वाक्य ठरलेलं. बाबांसाठी एक ओळ कधी नसायची. मी कार्ड वाचून दाखवायचे आणि ते सगळं ऐकून झाल्यावर म्हणायचे, "बस, एवढंच?"

आठवीत असताना एका रविवारी मी अंथरुणातूनच सांगितलं, "आज नको." बाबा बूट घालून तयार होते. ते तसेच, बुटांसकट, खुर्चीत बसले. मग बऱ्याच वेळाने त्यांनी एक बूट काढला. दुसरा काढायचं विसरून गेले आणि तसेच चहा करायला उठले. त्या रविवारपासून आम्ही कधी गेलो नाही. पुस्तक मी कपाटावर टाकून दिलं. कुणावर रागावले होते ते माहीत नव्हतं, पण रागावले होते.

पुढे नव्वदच्या दशकात, मी कॉलेजात असताना, टीव्हीवर रविवारी सकाळी जपानमध्ये काढलेलं, हिंदीत बोलणारं एक कार्टून लागायला लागलं. काकूंच्या नातवंडांसाठी त्यांच्याकडे टीव्ही लावलेला असायचा आणि सगळ्या मजल्यावरची पोरं तिथे दाटीवाटीने बसलेली. मी दारातून डोकावले आणि तिथेच उभी राहिले. ते डोळे. मोठे, आत उजेडाचा ठिपका असलेले. माझ्या पुस्तकातल्या मुलीचे डोळे. फक्त इथे पापणी हलत होती. इतकी वर्षं जिला मी बोलतं केलं होतं तिने कधी पापणी हलवली नव्हती, आणि आता कुणीतरी त्याच डोळ्यांनी मान वळवून बघत होतं. मी अठरा वर्षांची घोडी, पोरांच्या मागे उभी राहून रडले. काकू म्हणाल्या, "काय गं, मेलं का कुणी त्यात?"

शेवटी नावं सरकायला लागली, त्यात ती अक्षरं. त्याच क्षणी ठरवलं की ही भाषा शिकायची आणि पट्ट्यांखाली खरं काय लिहिलंय ते वाचायचं.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "जपानी कशाला? जर्मन शीक. जर्मन मशीनं जास्त येतात."

"मला मशीनं नाही वाचायचीत. आपलं पुस्तक वाचायचंय."

"ते कुठे आहे अजून? रद्दीत दिलं असेल."

ते कपाटावर होतं आणि त्यांना माहीत होतं. बाबा नाकासमोर चालणारे, खोटं बोलायला लागले की कान लाल व्हायचे. तेव्हा कान लाल झालेले मी बघितले होते आणि त्याचा अर्थ काढायचा आळस केला.

वर्ग ठाण्याला, नौपाड्यातल्या एका शाळेच्या खोलीत शनिवारी दुपारी भरायचा. शिकवणाऱ्या बाई मराठीच, नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं तिकडे राहून आलेल्या. सुरुवातीचे महिने अक्षरं गिरवण्यात गेले. मग एका शनिवारी त्यांनी लहान मुलांची गोष्टीची पुस्तकं आणली आणि एकेक हातात दिलं. मी माझं उघडलं.

बाई हसल्या. "अगं, शेवटापासून कुठे सुरू करतेस? ही पुस्तकं त्या बाजूने उघडायची. पानंसुद्धा उजवीकडून डावीकडे वाचायची. सगळ्यांचंच होतं असं पहिल्यांदा."

वर्गातले सगळे हसले आणि पुस्तकं फिरवली. मी नाही फिरवलं. माझ्या डोक्यात दुसरंच पुस्तक फिरलं होतं. वाफाळत्या जेवणापासून सुरुवात. मग आई आणि मुलगी हात धरून चालतायत, पण घराकडे नाही, स्टेशनकडे. गाडीच्या दारात आई पेटी घेऊन उभी आहे ती उतरत नाहीये. पेला आधी फुटला होता, रडणं नंतरचं. आणि ती मावशी मावशी नव्हती. ती मुलगीच होती, मोठी झालेली. ओट्यावर एक वाडगं ठेवून एकटी जेवणारी. गोष्ट तिथे संपत होती.

घरी आले तेव्हा बाबा ताटात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. कुकर आधीच उतरला होता, हे उद्याचे. मी खुर्चीवर चढून कपाटावरचं पुस्तक काढलं, धूळ न झटकता त्यांच्यासमोर ठेवलं. पालथं ठेवलं. म्हणजे सरळ.

बाबांची बोटं तांदळात थांबली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"केव्हापासून?"

"तू सोडा आणायला गेलेलीस ना, तेव्हा त्या साहेबाने दाखवलेलं. असं." त्यांनी हवेत बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे. "मी तुला देताना तसंच दिलेलं. तू फिरवलंस."

मला इतका संताप आला की माझा आवाज काकूंच्या घरापर्यंत गेला. "मग सांगायचं होतं ना! तीन वर्षं मला स्टेशनवर उभी केलीत! दर रविवारी! मी मूर्खासारखी गज धरून, आणि तुम्ही मागे पेपर वाचत बसलेले. माहीत असून!"

समोरचं दार हळूच लागल्याचा आवाज आला. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून दार लावून घेतलं होतं.

"सांगणार होतो," बाबा म्हणाले. "तू दारात येऊन म्हणालीस ना, शेवटी आई येते. मग म्हटलं, उद्या सांगू. मग परवा सांगू." त्यांनी तांदळातला एक खडा उचलला आणि तो टाकायचं सोडून हातातच धरून ठेवला. "आणि मग मीपण तुझ्याच बाजूने वाचायला लागलो गं. पेपर कुठला वाचतोय. मीपण गाडीच बघत होतो."

मी खाली बसले. बाबांवर रागावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आई गेली तेव्हा ते छत्तीस वर्षांचे असतील. आज माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन येणारे बाप त्याच वयाचे असतात.

थोड्या वेळाने मी पुस्तक उघडलं, उजव्या बाजूने, आणि गाडीच्या दाराचं पान काढलं. पाण्यात बोट बुडवून "उशीर झाला"ची पट्टी भिजवली. बाबा बघत होते, पण त्यांनी मला अडवलं नाही. इतक्या वर्षांची शितं, सुटायला वेळ लागला. मी मनात अक्षरं जुळवत होते, वाचता येईल ना, शब्द ओळखीचा असेल ना. पट्टी निघाली.

खाली अक्षरं नव्हतीच. फुग्यात नुसती टिंबं होती, एकाखाली एक, सहा. लहानपणी मला तीही त्यांची अक्षरंच वाटली असणार.

"तिथे काही लिहिलेलंच नव्हतं," बाबा म्हणाले. "म्हणून तर तेव्हा मला इतका वेळ लागला."

ती टिंबं वाचायला मला जपानी शिकायची काही गरज नव्हती. मला आमचं दार आठवलं, दारात बूट काढणारे बाबा आठवले. काही म्हणाली? नाही. जाताना काहीच म्हणाली नाही? नाही. दोन्ही वेळा मी खरं सांगितलं होतं. इकडचे शब्द तिकडे पोचवण्याचं काम माझंच होतं आणि शब्द नसतील तर आपल्या पदरचे दोन घालावेत, "लवकर येते म्हणाली" असं एवढंसं सांगून टाकावं, हे मला सुचलं नव्हतं. बाबांना सुचलं होतं.

मी उठले, कुकरमधला कोमट भात काढला, चार शितं बोटाने चेपली आणि ती पट्टी पुन्हा त्या फुग्यावर चिकटवली. जरा वाकडी बसली. बाबांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं आणि कडा अंगठ्याने दाबून दिल्या.